पन्नास रुपयांची पोफळ : मंत्री महोदयांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी श्रीवर्धन तालुक्यातली, नारळ-सुपारीची वाडी करणारी बाई. गेल्या आठवड्यात मला एक कागद आला. सुपारीच्या रोपांसाठी केलेला माझा अर्ज निकाली काढलाय, कारण ‘खातेदार जागेवर आढळले नाहीत’. साहेब, सातबारावर पहिलं नाव माझ्या सासऱ्यांचं आहे आणि त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. जागेवर मी होते. विहिरीपाशी पाट मोकळा करत होते. एक हाक मारली असती तर ओ दिली असती.

३ जून २०२० ला दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. आम्ही माजघरात कोंडून बसलो होतो. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, मोडते तेव्हा कडाड आवाज येतो. पहिले पंधरा-वीस मोजले, मग मोजणं सुटलं. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर समोर समुद्र. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या दारातून मला कधी समुद्र दिसला नव्हता.

बारा गुंठ्यांत दोनशे पोफळी आणि बारा माड आडवे झाले. सरकारने हेक्टरी पन्नास हजार जाहीर केले. हेक्टर म्हणजे शंभर गुंठे, म्हणजे माझ्या वाट्याला सहा हजार! कोकणात ओरड झाली तेव्हा झाडामागे हिशेब धरला: पोफळीला पन्नास, माडाला अडीचशे. तेरा हजार झाले. आमच्या बोळातून जेसीबी येत नाही, खोडं माणसांनी खांद्यावर बाहेर काढली. त्या मजुरीतच हे पैसे संपले, वर घरचे घातले. आणि पोफळीला पन्नास कुठल्या हिशेबाने? चांगलं झाड एका वर्षात त्याच्या कितीतरी पट सुपारी देतं, आणि ते चाळीस वर्षं देतं.

त्याच वेळी आमच्या अंगणात उभं राहून एकांनी सांगितलं होतं, ‘काकू, गणपतीच्या आत रोपं येतील.’ कुठल्या वर्षीच्या गणपतीच्या, ते विचारायचं राहून गेलं.

मी थांबले नाही. पडलेल्या रोठ्याचंच, म्हणजे आमच्या इथल्या सुपारीचंच, बेणं धरून रोपं केली. पण पोफळीचं रोप सावलीत वाढतं. म्हातारं झाड वर, पोरगं खाली, अशी आमची वाडी पिढ्यान् पिढ्या चालली. डोक्यावरची सावलीच गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात निम्मी रोपं करपली. मग आधी केळी लावल्या, त्या वाढल्यावर पुन्हा रोपं. त्यांतली काही आता कुठे माझ्या डोक्याच्या वर गेलीत. फळ धरायला आणखी दोन-तीन वर्षं तरी जातील. तोवर खायचं काय, हा रकाना तुमच्या एकाही अर्जात नाही. मुलगा पनवेलला कंपनीत लागला. त्याला परत ये म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तुमचे सगळे नियम एका हंगामाच्या पिकाचे. पीक गेलं, पंचनामा झाला, पैसे दिले, फाइल बंद. आमचं पीक सात वर्षांनी उभं राहतं आणि तुमची मदत एकदाच येते. सातबारावर अकरा नावं, त्यांतली सात मुंबईत. एकाची सही नसली की सगळं अडलं. वाडी विकताना मात्र अकराही सह्या आठ दिवसांत होतात, कारण घेणारा रोकड घेऊन दारात उभा असतो. शेजारच्या वाडीत आता कॉटेज आहेत आणि पाहुण्यांना पोहायला टाकी. रस्त्याला पैसा आहे, किनारा सुशोभित करायला पैसा आहे. माणसं इथे ज्या आगराची सावली बघायला येतात, त्या आगराला पन्नास रुपये!

मला भीक नको. जो वाडी शिंपतो त्याच्या नावावर मदत द्या, बाकीच्यांच्या सह्यांसाठी त्याला पळवू नका. झाड धरेपर्यंत दर वर्षी काहीतरी हातात पडू दे. श्रीवर्धनात सुपारीचं संशोधन केंद्र आहे, तिथली रोपं आधी वादळात पडलेल्या वाड्यांना मिळू देत. आणि ती पावसाच्या तोंडाला द्या, मार्चमध्ये नको. मार्चमध्ये लावलेलं रोप मे बघत नाही.

माझा अर्ज पुन्हा उघडा. या वेळी माणूस पाठवाल तर त्याला घराच्या मागच्या बाजूने यायला सांगा. सकाळी सहा ते दहा मी वाडीत असते.

आपली,
श्रीवर्धन तालुक्यातली एक वाडीवाली