लक्षद्वीपखालचे कवच आणि विदर्भाचा काळा फत्तर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लक्षद्वीपपासून मालदीवमार्गे हिंदी महासागरातील चागोस बेटांपर्यंत पाण्याखालून गेलेली ज्वालामुखीय डोंगररांग आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात विहीर खणताना मुरुमाखाली लागणारा काळा फत्तर यांचे मूळ एकच मानले जाते. त्यामुळे त्या रांगेखालील कवचाच्या, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत वरच्या घन थराच्या, संशोधनाला आपल्या दैनिकाने सविस्तर जागा द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, कवचाखालच्या प्रावरणातून वर येणाऱ्या एका उष्ण प्रवाहावरून भारताचा भूपट्ट सरकत असताना, दख्खनचे लाव्हाथर साचले. भूपट्ट उत्तरेकडे जात राहिला आणि त्या प्रवाहाचा माग समुद्रात उमटत गेला. १९८७ मध्ये ‘जॉइड्स रिझोल्यूशन’ जहाजाने तेथे समुद्रतळात छिद्रे घेतली, तेव्हा मालदीवजवळचा बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा फत्तर) सुमारे ५ कोटी ७० लाख, तर चागोसजवळचा सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांचा निघाला. तो प्रवाह आज ज्याखाली असल्याचे मानले जाते, त्या हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरील ज्वालामुखी आजही जागृत आहे.

छिद्र मात्र वरच्या थरांतच थांबते. त्याखालचे जाणण्यासाठी जहाजामागे ओढलेल्या एअरगनमधून दाबलेली हवा पाण्यात सोडतात आणि तिने उठवलेल्या लहरी समुद्रतळावर ठेवलेले भूकंपमापक टिपतात. लहर पोचायला लागलेल्या वेळावरून तिचा वेग आणि वेगावरून खडक ओळखता येतो. कवचाच्या तळाशी हा वेग सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर असतो आणि प्रावरणात शिरताच तो ८ च्या घरात जातो. एरवी समुद्री कवच ६ ते ७ किलोमीटर जाड असते. अशा रांगांखाली ते बरेच जाड भरते, कारण वर लाव्हा साचतो तसा वर न पोचलेला शिलारस आतच थिजतो.

माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न लक्षद्वीपच्या भागाचा आहे. तेथील कवच निव्वळ ज्वालामुखीय नसून भारतापासून ताणला गेलेला खंडीय तुकडा असावा, असे काही अभ्यासक मानतात. खंडीय खडकांत खालच्या थरांतील लहरींचा वेग सहसा कमी असल्याने या वादाचा निर्णय बराचसा अशा मोजण्यांवर अवलंबून आहे. तो तुकडा खंडीय ठरला, तर त्या प्रवाहाने किती शिलारस ओतला याचा हिशेब बदलेल, आणि आमची काळी जमीनही त्याच हिशेबातली आहे.

गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था येथील शास्त्रज्ञांकडून या विषयावर, यवतमाळपासून रियुनियनपर्यंतच्या नकाशासह, मराठीत लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
जि. यवतमाळ