पादुआच्या भिंती दाखवणाऱ्या आमच्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

इटलीतल्या पादुआच्या स्क्रोवेग्नी चॅपेलमध्ये, म्हणजे भित्तिचित्रांनी भरलेल्या छोट्या प्रार्थनागृहात, आत जेमतेम 15 मिनिटं मिळतात. त्याआधी तेवढाच वेळ एका बंद दालनात बसवून ठेवतात, बाहेरची धूळ आणि दमट हवा भिंतींपर्यंत पोचू नये म्हणून. एवढ्याशा वेळात काय पाहायचं, याची टिपणं तुम्ही काढून दिलीत. आभार फोनवरही मानता आले असते, पण तुमच्या बाकीच्या विद्यार्थ्यांनीही हे वाचावं म्हणून जाहीर लिहितेय.

'आधी गिलावा बघ, मग चित्र,' असं तुम्ही सुरुवातीलाच बजावलं होतंत. ही चित्रं काढणारा जोत्तो आणि त्याचे मदतनीस त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच ओल्या चुन्याचा गिलावा चढवत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंग त्यातच कायमचे बसतात. म्हणून एका दिवसाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथले बारीक सांधे मला शोधता आले. निळा तेवढा वेगळा. अझुराइट या निळ्या खनिजाचा हा रंग वाळलेल्या भिंतीवर चढवलेला, त्यामुळे तो ठिकठिकाणी झडलाय.

सगळ्यात जास्त वेळ मी ख्रिस्ताच्या मृत्यूनंतरच्या विलापाच्या चित्रासमोर काढला. ख्रिस्ताच्या देहाजवळ दोन आकृत्या आपल्याकडे चक्क पाठ करून बसल्यात. त्यांचे चेहरे दिसत नाहीत, पण त्या पाठींमधलं दुःख बघून मला रडू आलं. मागच्या खडकाची उतरती कड नजरेला थेट आई मेरी आणि मुलाच्या चेहऱ्यांपाशी आणून सोडते. हे चॅपेल 1305 मध्ये अर्पण झालं, हे तिथे उभं राहून खरं वाटत नाही.

निघताना दारावरची भिंत बघायला विसरू नकोस, हेही तुमचंच. तिथे अंतिम न्यायाच्या चित्रात हे चॅपेल बांधून घेणारा एन्रिको स्क्रोवेग्नी गुडघे टेकून चॅपेलची प्रतिकृती मेरीला अर्पण करतोय, आणि त्याच भिंतीवर नरकात सावकार आपल्याच थैल्यांच्या दोऱ्यांना लटकलेत. एन्रिकोचे वडील व्याजाच्या धंद्यासाठी कुप्रसिद्ध होते, हे तुम्ही आधी सांगितलं नसतं तर या चित्रातली धग मला कळली नसती.

शेजारच्या एरेमितानी चर्चमध्येही तुमच्याच आग्रहामुळे गेले. 11 मार्च 1944 च्या बॉम्बहल्ल्यात तिथली चित्रकार मान्तेन्याची बरीचशी भित्तिचित्रं गेली. उरलेले तुकडे जुन्या कृष्णधवल छायाचित्रांच्या आधारानं पुन्हा भिंतीवर जागच्या जागी बसवलेत.

बाई, तुम्ही स्वतः पादुआला कधी गेला नाहीत. छापील चित्रं भिंगातून पाहून वर्षानुवर्षं आम्हाला शिकवलंत, आणि ते तिथे तंतोतंत जुळलं. आता फ्लॉरेन्सच्या ब्रांकाच्ची चॅपेलमधल्या मासाच्चोच्या चित्रांचं टिपण राहिलंय. सवड होईल तेव्हा तेवढं पाठवा.

तुमची विद्यार्थिनी