उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली ठेवा

संपादक महोदय, नमस्कार,

गुडघा बदलायच्या ऑपरेशनवर पेपरात बरंच छापून येतं, इम्प्लांट कुठलं, रोबोटने करायचं का, किती वर्षं टिकतं वगैरे, पण आधी आणि नंतर पेशंटने स्वतः काय करायचं यावर दोन ओळींच्या वर काही नसतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हेच पेशंट बघते, म्हणून लिहितेय.

तारीख ठरली की घरचे म्हणतात आता कशाला चालतेस, पडून राहा. नेमकं तेच नको. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं आणि त्यासाठी हालचाल लागते, शिवाय बसून बसून मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो आणि ऑपरेशननंतर उभं राहायला तोच तर लागतो. पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, ५ सेकंद धरायची, सोडायची, एवढं पलंगावर पडल्यापडल्याही होतं. सिगारेट-तंबाखू किमान ४ आठवडे आधी बंद, शुगर कंट्रोलमध्ये, दाताला इन्फेक्शन असेल तर ते आधी उरकून घ्या. आणि वजन, १ किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण ४ किलो भार कमी होतो.

ऑपरेशननंतर माझं सगळ्यात जास्त भांडण होतं ते उशीवरून. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, घरचे मायेने ठेवतात, पण पाय रात्रभर वाकलेलाच राहतो आणि गुडघ्याच्या मागचा भाग आखडत जातो, मग पाय पूर्ण सरळ होतच नाही, माणूस लंगडतो, थोडं चाललं तरी थकतो. उशी किंवा टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची म्हणजे गुडघा आपोआप खाली दबतो, दुखतं खरं, पण दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं कराच. किती वाकतो हे सगळे विचारतात, सरळ किती होतो हे कोणी विचारतच नाही!

पेनकिलर घ्यायला लोक घाबरतात, मग दुखतं म्हणून व्यायाम टाळतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्या ना. काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या उलट्या हातात धरायची. थोडी सूज काही महिने राहते, त्याने घाबरू नका, पण पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, आणि अचानक दम लागला तर थेट हॉस्पिटल गाठा. दीड महिन्यात गुडघा ९० अंशही वाकत नसेल तर सर्जनला दाखवा, भूल देऊन वाकवायची वेळ आलीच तर ते पहिल्या ३ महिन्यांत जास्त चांगलं जमतं.

डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक गोळीची वेळ लिहिलेली असते आणि व्यायामाच्या जागी बहुतेक वेळा फक्त ‘फिजिओ सुरू ठेवा’. माझं म्हणणं एवढंच की हॉस्पिटलांनी पेशंटला ऑपरेशनच्या आधीच एकदा फिजिओकडे पाठवावं, आणि घरी जो सांभाळणार आहे त्यालाही सोबत आणायला सांगावं कारण उशी तोच ठेवणार असतो. तुमच्या आरोग्य पुरवणीत हे व्यायाम चित्रांसकट छापता आले तर बघा, चित्रं आणि मजकूर मी तपासून देईन, मानधन नको.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक