पुदिना काढायला माळी बोलावू नकोस

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतास म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय, सावकाश वाच आणि मानसीलाही वाचायला दे. फोटो मी मोठे करून करून बघितले. नळाजवळच्या वाफ्यात पुदिना आहे हे घर घेतलं तेव्हाच दिसलं होतं, पण आता तो गुलाबाच्या आळ्यात घुसलाय, गवती चहाच्या बुडाशी आलाय आणि फरशीच्या फटीतूनही वर यायला लागलाय. तू म्हणालास रविवारी माळी बोलावतो, तो कुदळीने सगळं खणेल, वरून तणनाशक मारेल आणि विषय संपेल. हे दोन्ही करू नकोस रे.

खणायचं नाही ते अशासाठी की पुदिना बियांनी फारसा पसरतच नाही, तो पसरतो जमिनीखालच्या पांढऱ्या आडव्या मुळ्यांनी. मातीच्या वरच्या तीन-चार इंचातच धावतात त्या, आणि प्रत्येक पेरावर एक डोळा असतो, त्यातून खाली तंतुमुळं आणि वर नवीन रोप. कुदळीने एका मुळीचे दहा तुकडे झाले की दहा ठिकाणी पुदिना. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे तेलासाठी मेंथा लावतात ना (तो जपानी पुदिना, आपला चटणीचा वेगळा, पण सवय तीच), तिथले शेतकरी बी शोधत बसत नाहीत, याच मुळ्यांचे तुकडे जानेवारी-फेब्रुवारीत लावतात आणि त्यावर अख्खं शेत भरतं. म्हणजे तुझा माळी कुदळ चालवून पुदिन्याची लागवडच करून जाईल, आणि पैसे वर घेईल.

औषधाचं तर नावच काढू नकोस. ग्लायफोसेट नावाचं तणनाशक मारतात ते पानातून आत शिरून मुळापर्यंत जातं, वाऱ्याने गुलाबावर उडालं तर गुलाबही जाईल. 2022 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने आदेशच काढलाय की ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनी वापरायचं, कुणीही उठून मारायचं नाही. आणि आर्या त्याच मातीत खेळते, त्याच वाफ्यातली पानं तुम्ही चटणीत घालता, मग कशाला ते.

आता करायचं काय ते सांगते. पाऊस उघडलाय, हीच वेळ चांगली आहे, पण चिखलात हात घालू नकोस, नाशिकची काळी माती ओली असताना नुसती चिकटते आणि तुडवली की घट्ट बसते, आणि एकदा सुकली की खुरपं आत जात नाही. वाफसा येऊ दे. मूठभर माती दाबून बघ, गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला की समज वाफसा आला. मग खुरप्याने ओढत बसायचं नाही, खुरपं बाजूने आडवं सरकवून माती नुसती सैल करायची आणि मुळी हाताने धरून ती जाते त्या दिशेला हळूहळू उचलत जायचं. तुटली तर तिथेच थांबून तुटलेलं टोक शोधायचं, पुढे जायचं नाही. गुलाबाच्या आळ्यात खास जपून, गुलाबाची बारीक मुळं पण वरच असतात, तिथे बोटांनीच कर. एका दिवशी एकच हातभर जागा घे पण ती पूर्ण साफ कर. अख्ख्या वाफ्यावरून अर्धवट हात फिरवलास तर काही उपयोग नाही.

काढलेल्या मुळ्या ओल्या कंपोस्टमध्ये टाकशील तर तिथे फुटतील, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर तर अजिबात टाकायच्या नाहीत. घमेल्यात गोळा करून गच्चीवर सिमेंटच्या पोत्यावर पसर, उन्हात काळ्या पडून हाताने मोडल्यावर कडकन तुटल्या की मग खुशाल कंपोस्टला दे.

यानंतरही तो येणार, हे आधीच सांगते म्हणजे वैतागणार नाहीस. राहिलेल्या तुकड्यांतून कोंब येतील, ते दोन-चार पानांचे असतानाच काढायचे. पानं असली की मुळीला अन्न मिळतं, ती मिळूच दिली नाहीत तर मुळी आपोआप संपते, पण त्यात खंड पडता कामा नये, दिवाळीत गावाला येशील तेव्हा महिनाभर लक्ष दिलं नाहीस की पुन्हा पहिल्यापासून. कंपाउंडलगतचा तो कोपरा, जिथे दुसरं काहीच नाही, तो मात्र एप्रिलपर्यंत राहू दे. तेव्हा वरचं कापून, माती भिजवून पारदर्शक प्लास्टिक अंथर, कडा मातीत गच्च दाब आणि चार ते सहा आठवडे हात लावू नकोस. नाशिकच्या उन्हाळ्यात खालची माती इतकी तापते की वरवरच्या मुळ्या बऱ्याचशा जातात. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकाखाली माती जास्त तापते.

पण सगळा पुदिना घालवू नकोस हं. बाबांना ताकात लागतो आणि आर्याला ती कैरी-पुदिन्याची चटणी आवडते. चांगल्या चार मुळ्या कुंडीत लाव, पसरट कुंडी घे, बारा इंची, उंच नको. कुंडी मातीवर ठेवायची नाही, दोन विटांवर ठेव, नाहीतर खालच्या भोकातून मुळी जमिनीत उतरते आणि आपल्याला कळतही नाही. फांद्या लोंबून जमिनीला टेकल्या तरी तिथे मूळ धरतात, त्यामुळे आठवड्याला कात्री फिरवत जा, पानांच्या जोडीच्या जरा वर कापायचं, फुलं यायच्या आधी. दरवर्षी पावसाळा संपला की कुंडी उलटी करून गड्डा चार भागांत काप, मधला जून झालेला भाग टाकून दे आणि कडेची कोवळी मुळी नव्या मातीत लाव. पानांच्या पाठीमागे नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा, सगळं बुडापासून कापून घराबाहेर टाक आणि पाणी पानांवर न मारता बुडाशी दे. मानसी म्हणत होती तिला वाफ्यातच हवाय, तर मग शहाबादी फरशीचे तुकडे फूटभर खोल उभे गाडा आणि सांधे सिमेंटने भरा, नुसते शेजारी शेजारी ठेवलेत तर फटीतून जाणारच तो. तरी मला विचारशील तर कुंडीच बरी.

बाकीची कामं तुला माहीत आहेत पण तू विसरतोस. कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून ताटल्या घासायच्या, डेंगीचे डास त्यातच होतात, हे मी दर फोनला विचारणार आहे. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत जा. जास्वंदीला पांढरा पिठ्या ढेकूण दिसतोय तुझ्या फोटोत, आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढ, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी मार, दुपारी मारलंस तर पानं करपतात. पालापाचोळा जाळू नकोस, गुलाबाच्या आळ्यात दोन इंच पसर, पाणी टिकतं आणि पुदिन्याचा कोंब आला तर भुसभुशीत मातीतून पटकन निघतो. फक्त खोडाला चिकटवू नकोस. आणि दाट पुदिन्याखाली पावसाळ्यात शंखी गोगलगायी लपतात, दिसल्या तर हातमोजे घालून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाक, आर्याला हात लावू देऊ नकोस, आणि कच्ची पानं नीट धुतल्याशिवाय खायची नाहीत.

रोज सकाळी ऑफिसच्या आधी पंधरा मिनिटं, चहा हातात घेऊन का होईना पण बाहेर जा. रविवारी चार तास खपून पाठ धरून बसण्यापेक्षा ते बरं, तुझी कंबर आधीच दुखते.

गवती चहा बुडापासून काढावा लागेल, पुदिना त्याच्या मुळात गुंतलाय, वरवर निघणार नाही. अख्खा ठोंब उपट, पाण्यात धुऊन पांढऱ्या मुळ्या वेगळ्या कर, पानं वीतभर ठेवून काप आणि तीन भाग करून पुन्हा लाव. कढीपत्त्याच्या मुळातून आलेली दोन पिल्लं दिसली फोटोत, ती मात्र पुदिन्याबरोबर उपटून टाकू नकोस, एक कुंडीत भरून ठेव, बाबा पुढच्या महिन्यात नाशिकला येतायत ते घेऊन येतील.

मानसीला आणि आर्याला आशीर्वाद.

तुझी
आई