प्रत्येक की-फ्रेमला ‘इझ’ नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील मोशन ग्राफिक्सवरच्या लेखात, आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या की-फ्रेम (ठरावीक क्षणी वस्तू कुठे असेल, हे सांगणाऱ्या खुणा) निवडून एफ९ दाबला की त्यातला आभासी कॅमेरा गुळगुळीत चालतो, असे म्हटले आहे. नवशिके नेमके इथेच फसतात. एफ९ने लागणारा ‘इझी इझ’ त्या की-फ्रेमवरचा वेग शून्यावर आणतो. म्हणजे ६ की-फ्रेम असतील, तर कॅमेरा मध्येच ४ वेळा ब्रेक मारून पुन्हा निघतो.

आफ्टर इफेक्ट्समध्ये यावर चांगली सोय आहे. इझ फक्त पहिल्या व शेवटच्या की-फ्रेमला द्यावा. पोझिशनच्या मधल्या की-फ्रेम निवडून राइट-क्लिक करावे आणि ‘रोव्ह अक्रॉस टाइम’ लावावे. त्या टाइमलाइनवर आपोआप सरकतात आणि वेग सलग राहतो. पोझिशनचे एक्स, वाय, झेड वेगळे करणारे ‘सेपरेट डायमेन्शन्स’ चालू असेल तर मात्र हे जमत नाही. मुळात की-फ्रेम कॅमेऱ्याला न देता एका थ्रीडी नलला (न दिसणाऱ्या रिकाम्या लेयरला) द्याव्यात आणि कॅमेरा त्याला पेरेंट करावा, म्हणजे त्याच्याबरोबर हलेल असा जोडावा. टू-नोड कॅमेऱ्याची नुसती पोझिशन हलवली, तर पॉइंट ऑफ इंटरेस्ट (कॅमेरा ज्याकडे रोखलेला असतो तो बिंदू) जागीच राहतो आणि कॅमेरा नको तिथे वळतो.

थांबलेला कॅमेरा उगाच थोडा मागे जाऊन परत येतो, ही तक्रार तर नेहमीचीच. दोन लागोपाठच्या की-फ्रेमची पोझिशन सारखी असूनही मधला मार्ग वक्र राहतो, म्हणून हे होते. दोन्हींचे स्पेशियल इंटरपोलेशन (मधल्या मार्गाचा आकार) लिनिअर, म्हणजे सरळ, केले की प्रश्न मिटतो. ग्राफ एडिटरमध्ये (वेगाच्या आलेखात) तासभर डोके घालून काही उपयोग नाही.

कॅमेरा वस्तूजवळ नेताना वेगळीच गंमत होते. अंतर २००० पिक्सेलवरून १००० झाले की वस्तू दुप्पट दिसते. पुन्हा दुप्पट व्हायला आणखी ५०० पुढे जाणे पुरते. त्यामुळे एकसारखा वेगही शेवटी धावल्यासारखा वाटतो. अशा वेळी शेवटच्या की-फ्रेमचा इनकमिंग इन्फ्लुएन्स (तिथे पोचताना वेग किती आधीपासून मंदावतो, ते प्रमाण) नेहमीच्या ३३ टक्क्यांवरून ७५–८० पर्यंत न्यावा.

एवढे करूनही झपाट्याच्या पॅनमध्ये (कॅमेरा आडवा फिरवताना) कडा तुटक दिसतात. १९२० पिक्सेलची चौकट २५ फ्रेमच्या गतीने सेकंदात ओलांडायची, तर प्रत्येक फ्रेमला सुमारे ७७ पिक्सेलची उडी पडते. शटर अँगल (धूसरपणा किती, हे ठरवणारी सेटिंग) १८० अंश ठेवून मोशन ब्लर, म्हणजे हालचालीचा धूसरपणा, लावावा, आणि तो कॉम्पोझिशनबरोबर (पूर्ण दृश्याबरोबर) प्रत्येक लेयरवरही चालू आहे ना, हे पाहावे. एवढ्यानेही भागले नाही, तर पॅनची वेळ वाढवावी.

कळावे,
एक वाचक