दुसरी तापी

नांदेड,
२० जुलै

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

आम्ही थायलंड-मलेशियाहून आल्यापासून फोनवर तू तीनदा विचारलंस, "आई, मजा आली का?" आणि मी तिन्ही वेळा "हो गं, खूप" एवढंच म्हणाले. बाबा शेजारीच बसलेले असायचे. काही गोष्टी त्यांच्यासमोर सांगता येत नाहीत, आणि मोबाइलवर एवढं टाइप करायला मला महिना लागेल. म्हणून तुझ्या कॉलेजच्या वहीतली कोरी पानं काढली. बाबा पेन्शनच्या कामाला बँकेत गेलेत, तास-दीड तास तरी यायचे नाहीत.

तिकिटं तू काढलीस, थायलंडचं ते प्रवेशाचं ऑनलाइन कार्ड तू भरलंस, दोन्ही देशांत आम्हाला व्हिसा लागणार नाही हेही तूच शोधलंस. बाबांचं मात्र "एवढा खर्च कशाला" हे पालुपद चालूच होतं. ते का थांबलं, ते तुला माहीत नाही. एका रात्री मोबाइलवर रेल्वेचा नकाशा काढून बसले होते. बँकॉकहून खाली मलेशियापर्यंत जाणाऱ्या लाईनवरून बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले आणि मला हाक मारली, "अगं, इकडे ये. इथं तापी आहे."

खरंच होती. स्टेशनचं नाव सुरत थानी, नदीचं नाव तापी. त्यांचा राजा वजिरावुध याने १९१५ साली आपल्या सुरतेवरून त्या गावाचं नाव ठेवलं, आणि सुरतेला तापी म्हणून तिथल्या नदीलाही तापी. माझं माहेर भुसावळचं. आजीचं बोट धरून तापीवर जायची मी, पुरात हतनूरच्या धरणाचं पाणी सोडलं की गावभर त्याचीच चर्चा. सासरी आले ती मराठवाड्यात, रेल्वे क्वार्टरमध्ये, उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट बघायला. मी त्या नकाशाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. बाबांनी बघितलं असणार. दुसऱ्या दिवसापासून खर्चाचा विषय बंद.

बँकॉकचं फार लिहीत नाही, फोटो तू पाहिलेस. वाट फो मंदिरात निजलेला बुद्ध आहे, ४६ मीटर लांब. डोक्याकडून पायाकडे चालत जायचं, तळपायांवर शिंपल्यांची १०८ शुभचिन्हं जडवलेली. त्याच्या पाठीमागे भिंतीला लागून ओळीने १०८ काशाची भांडी. सुट्ट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि एकेका भांड्यात एकेक नाणं टाकत जायचं. सगळी माणसं टाकत असतात, त्यामुळे दालनभर टण, टण, टण असा आवाज. बाबा पुढे, मी मागे. शेवटच्या भांड्यांपर्यंत माझी नाणी संपली, तर त्यांनी आपल्यातली सहा-सात न बोलता माझ्या वाटीत ओतली.

जेवणाचं तू घाबरवलं होतंस, पण तसं काही झालं नाही. मासळीच्या पाण्याचा तो सॉस जवळपास सगळ्यात असतो, हे खरं. पण पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात "जे" लिहिलेलं दुकान दिसलं की निर्धास्त जायचं, तिथं मांस-मासे-अंडं काही नसतं, कांदा-लसूणही नाही. बाकी माझे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होतीच. आंब्याबरोबर तो चिकट भात देतात ना, वर नारळाचं दाट दूध, त्यात किंचित मीठ. आपल्या नारळीभातात गूळ असतो, इथं मिठाने गोडी वाढवतात. घरी करून बघितला, आंबेमोहराचा. जमला नाही, तांदूळ वेगळाच लागतो.

अयुध्येला म्हणजे अयुथयाला साध्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून गेलो, उघड्या खिडक्यांच्या. नाव आपल्या अयोध्येवरूनच. १३५० साली वसलेली राजधानी, १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळून उद्ध्वस्त केली. झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक तिथंच आहे. त्याच्यासमोर फोटो काढायचा तर खाली बसूनच, आपलं डोकं बुद्धाच्या डोक्यापेक्षा वर नको. बाबांचा गुडघा तुला ठाऊक आहे. तरी बसले, माझ्या खांद्याला धरून.

पण त्यांचं खरं लक्ष रुळांवर. गाडीतून उतरले, फलाटाच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "मीटर गेज!" इथल्या लांब पल्ल्याच्या सगळ्या गाड्या मीटर गेजवर, दोन रुळांत एकच मीटर अंतर असलेल्या लाईनवर चालतात, माऊ. आपली पूर्णा-अकोला लाईन २००८ मध्ये रुंद झाली तेव्हा घरी येऊन ते जेवले नव्हते, तुला आठवत असेल. बावीस-तेवीस वर्षं ज्या रुळांवर काढली ते त्यांच्यादेखत उखडले. आणि इथं तेच रूळ चकचकीत, त्यावरून निळ्या-पिवळ्या गाड्या. मी मुद्दाम थोडी लांब उभी राहिले.

रात्रीच्या गाडीने सुरत थानीला निघालो. त्यांच्या स्लीपरमध्ये समोरासमोरच्या दोन सीट ओढून खालचा बर्थ होतो, वरचा भिंतीतून उघडतो, माणूस येऊन पांढरी चादर अंथरून जातो आणि प्रत्येकाला स्वतंत्र पडदा. खालचा बर्थ वरच्यापेक्षा रुंद असतो. पहाटे उतरलो आणि त्या दिवशी गावातच राहिलो, नदीकाठी बान दोनला. संध्याकाळी काठावर गेलो. नदी रुंद, पाणी गढूळ, मातकट, वाहताना दिसत नाही इतकं संथ. बेटांवर माल नेणाऱ्या मोठ्या बोटी लागलेल्या, काठाला पाण्यातल्या पामच्या झाडांची गर्दी. आपल्या तापीसारखं तिथं काही नाही, ना ते खडक, ना केळीच्या बागा. एका बाईला मी नदीकडे बोट दाखवून विचारलं, "तापी?" ती म्हणाली, "तापी, तापी." अगदी आपल्यासारखं. मला एकदम आजीचा आवाज ऐकल्यासारखं झालं. आषाढ शुद्ध सप्तमी, तापीचा जन्मदिवस, चार दिवसांवर होता. बाजारातून झेंडूची माळ घेतली होती, ती सोडली. बाबांनी चप्पल काढून हात जोडले.

तिथून बोटीने समुई बेटावर. बोट दोनसाकच्या धक्क्यावरून सुटते, दीडेक तास लागतो. चोएंग मोन म्हणून ईशान्येकडची एक लहानशी चौपाटी आहे, अर्धवर्तुळाकार, पाणी उथळ. आपल्याकडे त्या दिवसांत पावसाने समुद्र खवळलेला असतो, पण समुई पलीकडच्या आखातात आहे, तिथं जून-जुलैत पाणी शांत. माझ्या सगळ्या आयुष्यात समुद्र मी दोनदा पाहिला, एकदा मुंबईत आणि एकदा रामेश्वरला, दोन्ही वेळा पाय भिजवून परत. गोव्याचं तुला आठवतं ना? तू चौथीत होतीस. ट्रंक भरली होती, लाडू केले होते, आणि निघायच्या दिवशी रिलीव्हरच्या, म्हणजे बाबांच्या जागी येणाऱ्या मास्तरांच्या, घरी कुणीतरी गेलं म्हणून तो आलाच नाही. स्टेशन उघडं टाकून कसं निघणार? बाबा युनिफॉर्म घालून परत ड्युटीवर गेले आणि मी ट्रंक रिकामी केली. तू त्या दिवशी खूप रडलीस.

समुईला तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, पाठीवर झोप. मी म्हणाले, वेड लागलंय का? ते विहिरीत पोहायला शिकलेले, माझ्या कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. म्हणाले, माझा हात खाली आहे. मी पंजाबी ड्रेसमध्ये, ओढणी कमरेला बांधलेली, डोळे गच्च मिटून मागे टेकले. कान पाण्यात गेले आणि सगळे आवाज बंद झाले. पाठीखाली त्यांचा तळहात, एवढंच कळत होतं. मग डोळे उघडले तर वर नुसतं आभाळ. किती वेळ गेला माहीत नाही. नंतर ते सांगतात, हात केव्हाच काढला होता. पाण्यातून बाहेर येता येता म्हणाले, "गोवा राहिलं गं तेव्हा." सव्वीस... नाही, बावीस वर्षांनी म्हणाले.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

पुढे मलेशियातल्या पेनांगकडे जाणारी गाडी सुरत थानीलाच पकडायची होती, मध्यरात्रीनंतर. फलाटावर बाकावर बसलो होतो. पाऊस नुकताच पडून गेलेला, रुळांमधून वाफ निघत होती. एक कुत्रं आमच्या बॅगेशी झोपलं होतं. स्टेशनमास्तरांच्या खोलीत दिवा जळत होता आणि आत एक तरुण मुलगा रजिस्टरवर काही लिहीत होता. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, "अशा वेळी मी तिकडे असायचो. तू घरी काय करायचीस गं?"

लग्नाला छत्तीस वर्षं झाली, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

मी त्यांना ती रात्र सांगितली. ती मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. तू दोन-अडीच वर्षांची होतीस. पावसाळा होता. तुला एवढा ताप भरला की तू डोळे फिरवायला लागलीस. क्वार्टरमध्ये फोन नाही, शेजारचं कुटुंब गावाला गेलेलं. तुला घोंगडीत गुंडाळून मी चिखलातून स्टेशनवर गेले. खिडकीतून बाबा दिसत होते. टोकनच्या यंत्रापाशी उभे, पुढच्या स्टेशनाशी लाईन क्लिअरचं, म्हणजे गाडी सोडायच्या परवानगीचं, बोलत होते, क्रॉसिंग होतं, दोन्हीकडून गाड्या यायच्या होत्या. मला तेवढं कळत होतं की या घटकेला या माणसाचं लक्ष दुसरीकडे जाता कामा नये. मी हाक मारली नाही. बाहेर बाकावर बसले, पदर भिजवून तुझ्या कपाळावर ठेवत राहिले. एक गाडी आली, उभी राहिली. दुसरी गेली, पॉइंट्समनने ड्रायव्हरला टोकन दिलं. मग पहिली सुटली. तोवर तुझा ताप थोडा उतरला होता, तू माझ्याकडे बघून "पाणी" म्हणालीस. मी तशीच घरी आले. सकाळी बाबा आल्यावर त्यांना एवढंच सांगितलं, माऊला थोडी कणकण आहे, डॉक्टरकडे नेऊ या.

बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "हाक मारायचीस."
मी म्हणाले, "दोन्ही गाड्या यायच्या होत्या ना."

पुढे काहीच बोलले नाहीत. उठून फलाटाच्या टोकापर्यंत गेले, तिथं पाठमोरे उभे राहिले. परत आले तेव्हा हातात गरम सोयाबीनच्या दुधाचे दोन ग्लास. गाडी आली तेव्हा तो तरुण मास्तर दिवा घेऊन बाहेर आला, आणि बाबा, गुडघा दुखत असतानाही, गाडी सुटेपर्यंत दारात ताठ उभे राहिले. आमच्याकडे एक खालचा आणि एक वरचा बर्थ होता. मला खाली झोपवलं आणि स्वतः माझ्या पायांशी बसले. मध्ये मला जाग आली तेव्हा पडदा थोडा उघडून खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा हात माझ्या पावलावर होता. मी जागी आहे हे कळू दिलं नाही.

तुला हे लिहिलं कारण ती गोष्ट तुझीही आहे. आणि बाबांना तू कधी कधी म्हणायचीस, तुम्ही घरी नसायचातच. ते खरंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण आता त्यांना तसं म्हणू नकोस.

पेनांगचं थोडक्यात. पदांग बेसारला एकाच स्टेशनात दोन्ही देशांचे शिक्के मारतात आणि घड्याळ तासभर पुढे करायचं. जॉर्ज टाउनला समुद्रात खांबांवर उभी केलेली चिनी कुळांची वस्ती आहे, एकेका धक्क्यावर एकेका आडनावाची घरं. फळ्यांवरून चालताना खाली पाणी दिसतं, आणि दारात कुणीतरी मिरच्या वाळत घातलेल्या. आषाढी एकादशी तिथंच आली. उपासाला मँगोस्टीन खाल्ले, किलोभर. वरून जांभळी जाड साल, आत लसणीसारख्या पांढऱ्या पाकळ्या. फळ उलटं धरलं की बुडाशी छोटं फूल असतं, त्याला जितक्या पाकळ्या तितक्याच फोडी आत निघतात. मी सगळी मोजून बघितली. आपल्या आमसुलाच्याच जातीतलं झाड हे, म्हणून बोटं तशीच रंगतात, आणि हॉटेलवाले खोलीत आणू देत नाहीत, चादरीवरचा डाग जात नाही म्हणून. बाहेर पायरीवर बसून खाल्ले.

तिथून क्वालालंपूरला गेलो ती गाडी ताशी १४० किलोमीटर पळते. मीटर गेजवर! बाबांनी त्या आकड्याच्या पाटीचा फोटो काढलाय, डब्यात वर दिसत होता. तुला आजच पाठवतील, उत्तर नीट दे, नुसता अंगठा नको.

तुझ्यासाठी बाटीकच्या कापडाचा तागा आणलाय, निळा. माझ्या त्या ड्रेसच्या शिवणीतून अजून वाळू निघते, काल धुतला तेव्हाही निघाली.

बाबांनी काल भुसावळची तिकिटं काढली. पास होता तरी स्टेशनवर जाऊन, रांगेत उभं राहून, पैसे देऊन. श्रावणात तापीवर जायचं म्हणतात. तू येणार असशील तर कळव, तिसरं काढायला सांगते. खिडकी मात्र माझी आहे, ते त्यांनी आधीच ठरवलंय.

दाराशी चपलांचा आवाज आला, आले वाटतं.

तुझी,
आई