नक्की फाटले काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्रीडा पानावर गेल्या आठवड्यात ‘गुडघ्याचा स्नायू फाटला’ असे ठळक शीर्षक होते आणि खाली मजकुरात ‘लिगामेंट’. तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवल्यामुळे असला खडा माझ्या दाताखाली हटकून येतो. लिगामेंट म्हणजे अस्थिबंध. तो हाडाला हाड बांधतो, स्वतः आकुंचन पावत नाही. स्नायूचे तर कामच आकुंचन पावण्याचे. अस्थिबंध ही संयोजी, म्हणजे जोडणारी ऊती, स्नायू ही वेगळीच ऊती.

घोळ जुना आहे, हे मान्य. फळ्या बंधनांनी बांधल्यावर नाव जसा भार पेलते, तसे स्नायूंनी बांधलेले सांधे शरीराचा भार पेलतात, असा दृष्टान्त सुश्रुतसंहितेत आहे. म्हणजे तिथला ‘स्नायू’ हा बांधणारा दोर, आणि मांसाला शब्द ‘पेशी’. मराठीत आपण स्नायूला मांस केले आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन ठेवली. त्यात हिंदीतून ‘मांसपेशी’ आली की वाचकाची पंचाईतच.

शब्दांचा कीस काढतेय असे वाटेल, पण आमच्या घरात याची किंमत मोजून झाली आहे. खेळताना पुतण्याचा गुडघा पिरगळला. ‘स्नायूच दुखावलाय, येईल भरून’ म्हणत सगळे दोन महिने शेकत बसले. तुटला होता सांध्याच्या आतला अस्थिबंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात. स्नायूला रक्ताचा पुरवठा भरपूर, त्यामुळे साधी इजा काही आठवड्यांत भरते. एसीएल मात्र तुटला की सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात उघडा पडतो. तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही आणि पूर्ण तुटलेली टोके सहसा आपोआप जुळत नाहीत. शेवटी त्याच्याच मांडीमागच्या स्नायुरज्जूचा तुकडा काढून दोन्ही हाडांत बसवला. स्नायुरज्जू स्नायूला हाडाशी जोडतो, पण घडण अस्थिबंधासारखीच, कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या धाग्यांची. म्हणून ही अदलाबदल जमते.

असा रज्जू पाहायचा असेल तर टाचेच्या वर चिमटीत धरा आणि चवड्यांवर उभे राहा. पोटरी फुगते, आखडते. चिमटीतली दोरी नुसती ताणून कडक होते. ओढणारा कोण आणि ओढला जाणारा कोण, हे बोटांना कळते.

कूर्चेचे दुखणे तर आणखी वेगळे. कानाची पाळ सोडून वरचा भाग दुमडा, लगेच सरळ होतो, ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि चेता, म्हणजे संवेदना वाहणारे मज्जातंतू, तेही नाहीत. सांध्यातली कूर्चा झिजू लागली तरी सुरुवातीला ठणका लागत नाही, आणि झिजलेली फारशी भरून येत नाही. उलट आतड्याच्या आतले अभिस्तर ऊतीचे अस्तर साधारण आठवड्याच्या आत नवे होते. शरीर एकच, पण दुरुस्तीचा वेग ऊतीगणिक बदलतो. (रक्तही संयोजी ऊतीच, हे मात्र दरवर्षी वर्गात कुणाला पटत नसे.)

‘नस’ हा शब्द तर सर्वांचा बाप. नस चढली म्हणजे स्नायूत पेटका. नस दबली म्हणजे चेता. इंजेक्शनला नस सापडेना म्हणजे शीर. बोलताना संदर्भाने निभावते, बातमीत निभावत नाही. अपघाताच्या बातमीत ‘हाताची नस तुटली’ एवढेच छापले, तर माणसाचे रक्त गेले की बोटांची संवेदना, हे वाचकाने कसे ओळखायचे?

अस्थिबंध, स्नायुरज्जू हे शब्द जड वाटत असतील तर खुशाल ‘लिगामेंट तुटले’, ‘टेंडन तुटला’ छापा. चुकीच्या मराठी शब्दापेक्षा बरोबर परका शब्द मला चालेल. आणि बातमीदाराने ‘नस’ लिहून पाठवली, तर छापण्याआधी एक फोन करून कोणती, ते विचारून घ्यावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका